कॅल्शियम, सकाळी एक, संध्याकाळी एक

"दिवाळी अंकासाठी दुकानातल्या गमती लिहा," असं संपादक फोनवर म्हणाले. "चाळीस वर्षं मेडिकल चालवलंत, तांबोळीकाका. एकेक नमुने पाहिले असतील. वाचकांना हसवा जरा." मी लगेच हो म्हणालो. कोणी जरा स्तुती केली की मी कशालाही हो म्हणतो. ही खोड जुनी आहे आणि पुढं जे सांगणार आहे त्यात तिचाही हात आहे.

गमती आहेत, नाही असं नाही. शेवगावात बाजाराच्या दिवशी आमच्या काउंटरसमोर चार रांगा लागतात आणि त्यातली एकही सरळ नसते. मागून कोणीतरी हात लांबवून ओरडतो, "मागल्या खेपंची गोळी द्या." कोणती? "पांढरी." अहो बाबा, माझ्या दुकानात निम्म्या गोळ्या पांढऱ्या आहेत! "न्हाई वो, ती गोल हुती." आता काय बोलायचं? एकानं तर थर्मामीटर परत आणून दिलं होतं. दोन दिवस काखेत धरूनही ताप उतरला नाही, अशी त्याची तक्रार होती. मी खूप समजावलं, शेवटी बदलून दिलं.

लोकांना वाटतं, मेडिकलवाला म्हणजे फळीवरचा डबा काढून देणारा माणूस. डॉक्टरचं अक्षर तेवढं वाचता आलं की झालं. तसं नसतं. आमचं खरं काम दोन प्रश्नांचं. औषध कोणासाठी आहे, आणि त्या माणसाला आणखी काय चालू आहे. हे दोन प्रश्न न विचारता जो गोळी देतो तो दुकानदार, आणि विचारून देतो तो फार्मासिस्ट, असं मी नव्या पोरापोरींना छाती काढून सांगायचो. गोळी पोटात जाते खरी, पण तिथंच थांबत नाही. ती रक्तात जाते, आणि बऱ्याच गोळ्या तिथून डोक्यात जातात.

एका आजीचं सांगतो. गुडघेदुखीवर कुठल्याशा फिरत्या वैदूनं तिला पुड्या दिल्या. आठ दिवसांत आजी पळायला लागली. पण त्याबरोबर तिचा स्वभावही पळायला लागला. जन्मभर गरीब गाय असलेली बाई सुनांना धारेवर धरू लागली, हसायला लागली की थांबेना, शेजारणीच्या अंगावर बादली घेऊन धावली. घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय. मी पुडी जिभेला लावून पाहिली, वास घेतला आणि सरळ डॉक्टरकडं पाठवलं. स्टिरॉइड कुटून घातलेलं होतं. हळूहळू बंद केल्यावर आजी पुन्हा गरीब गाय झाली. सुना म्हणाल्या, त्यापेक्षा गुडघे दुखलेले परवडले.

आणि सर्दीचं सिरप. कांदे काढायच्या दिवसांत बाया लहान लेकरांसाठी ते मागायच्या. लेकराला सर्दी नसायची. सिरप पाजलं की ते दुपारभर झोपतं आणि आईला शेतात काम करता येतं, एवढंच. मी द्यायचो नाही. "त्याच्या डोक्याची वाढ व्हायचे दिवस आहेत, आणि तू त्याला रोज गुंगी देतीस का?" असं सगळ्या गिऱ्हाइकांदेखत झापायचो. एक बाई रडत गेली होती. तिच्यापुढं दुसरा काय मार्ग होता, हे मी विचारलं नाही. पण तालुक्यात माझं नाव झालं. तांबोळी लेकरांच्या बाबतीत लई कडक हाय, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून मला बरं वाटायचं.

इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. दोन दिवस उचललंच नाही. कारण लेकरांच्या बाबतीत कडक असलेल्या ह्याच तांबोळीनं एका लेकराचं काय केलं, ते मला ठाऊक आहे आणि आमच्या सुनेला ठाऊक आहे. ते गाळून बाकीच्या गमती छापायच्या म्हणजे शुद्ध लबाडी झाली असती.

अश्विनी ही त्या लेकराची आई. नाव बदललं आहे. तिला विचारून लिहितो आहे. लिहा म्हणाली. विळीचं तेवढं गाळू नका, म्हणाली.

तिचे वडील भाऊसाहेब आमच्या जवळच्याच खेड्यातले बागायतदार. माझी आणि त्यांची ओळख तिच्या आजारपणातूनच झाली. सहावीत असताना तिला शाळेत फिट आली. नगरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. सोडियम व्हॅल्प्रोएट, सकाळी एक, संध्याकाळी एक. खाली लिहिलं होतं, तीन महिन्यांनी दाखवणे. भाऊसाहेबांनी काय करावं? चिठ्ठी लॅमिनेट करून आणली! "भाई, आता फाटायची न्हाई, भिजायची न्हाई," म्हणाले. आमच्या भागात हे फार चालतं. गुण आलेली चिठ्ठी लोक सातबाऱ्यासारखी जपतात. पण लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीवर पुढच्या खेपेला डॉक्टरला काही लिहिता येत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मी हसलो होतो. गोळी लागू पडली होती, फिट बंद झाल्या होत्या, आणि त्या चकचकीत चिठ्ठीवर मी पुढं वर्षानुवर्षं औषध देत राहिलो. डॉक्टरकडं ती पुन्हा गेलीच नाही.

बारावी झाली आणि तिचं लग्न ठरलं, शिंगणापूरला. मुलाचं देवळाच्या रस्त्यावर पूजेच्या सामानाचं दुकान. तेलाच्या छोट्या बाटल्या, रुईच्या माळा, नारळ. चांगली माणसं. पण फिटचं त्यांना सांगितलं नव्हतं. फिट येणारी पोरगी म्हटलं की आपल्याकडं लग्न मोडतं, हे मी सांगायला नको. लग्नाला पंधरा दिवस राहिले तेव्हा बापलेक दुपारच्या वेळी, गर्दी नसताना दुकानात आले.

"भाई, अडचन हाय," भाऊसाहेब म्हणाले. "शिंगणापूरच्या घराला दार न्हाई का कपाटाला कुलूप न्हाई. पोरीनं गोळ्या ठेवायच्या कुठं?"

खरंच होतं. तिथं घरांना चौकट असते, दार नसतं. कुलूप लावायची रीत नाही. सासूच्या, जावेच्या, नणंदेच्या नजरेसमोर सगळा संसार. गोळ्यांचं पाकीट सापडलं आणि कोणी नुसतं मोबाईलवर नाव टाकून पाहिलं, तरी संपलं.

अश्विनी खाली मान घालून उभी होती. "काका, कायतरी करा ना. तुमी लई हुशार हाय."

झालं! हुशार म्हटल्यावर मी बसून राहणार होतो का? कॅल्शियमच्या गोळ्यांची एक पांढरी प्लास्टिकची बाटली घेतली. आतल्या गोळ्या काढल्या. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या एकेक करून पाकिटातून सोडवल्या. ह्या गोळ्या हवेतलं पाणी ओढून घेतात, चिकट होतात, म्हणून पाकिटाबाहेर काढायच्या नसतात. पण मी तीस वर्षांचा मुरलेला माणूस. तळाला कापूस घातला, दुसऱ्या बाटलीतली ओल शोषणारी पुडी घातली, वर पुन्हा कापूस. बाटलीवर स्वच्छ लेबल चिकटवलं आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: कॅल्शियम, सकाळी एक, संध्याकाळी एक.

भाऊसाहेबांनी माझे हात धरले. "भाई, पोरीचा संसार वाचवला तुमी." मी म्हणालो, "अहो, माझीच लेक आहे ती." त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला काही सांगितलं नाही, पण दोन घास जास्त जेवलो. कोणाचं गुपित राखणं म्हणजे मोठी गोष्ट वाटत होती. दर दोन महिन्यांनी भाऊसाहेब रिकामी बाटली घेऊन यायचे, मी भरून द्यायचो. बिलावर तिचं नाव कधी टाकलं नाही.

दीड वर्षानं भाऊसाहेब आले ते पेढे घेऊन. "भाई, तोंड गोड करा. अशूला दिवस गेलेत. तिसरा लागला." आणि दुसऱ्या हातात रिकामी बाटली.

आता खरं सांगतो, कारण इथं खोटं सांगून चालणार नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं. डिप्लोमाच्या वेळी वाचलेली एक ओळ होती, की ही गोळी गर्भारपणात नको. पण तसं तर निम्म्या औषधांवर छापलेलं असतं. रोज हजार वेळा पाहून ते वाक्य दिसेनासं होतं. मी विचारलं, "डॉक्टरला दाखवलंय ना? फिटच्या डॉक्टरला?"

"दाखवायचं म्हंजी सांगायचं आलं की, भाई. जावई संगं येनार. बंद करू का गोळ्या?"

"छे! बंद नाही करायच्या," मी म्हणालो. ते बरोबरच होतं. ही गोळी मनानं एकदम बंद केली तर जोराच्या फिट येतात, आईचाही जीव जातो आणि बाळाचाही. पण बंद करणं आणि चालू ठेवणं ह्यांच्यामध्ये तिसरी गोष्ट होती. डॉक्टरकडं जाऊन औषध बदलून घेणं. ते मी ठणकावून म्हणायला हवं होतं. मी पेढा तोंडात टाकला आणि बाटली भरली.

त्या लेबलानं पुढं काय केलं ते मला नंतर कळलं. गावातली आशाताई घरी यायची, गर्भार बाईचं सगळं लिहून घ्यायची. औषधं कोणती चालू आहेत विचारलं की सासूच फळीवरची बाटली काढून दाखवायची. कॅल्शियम. आशाताई म्हणायची, छान, घेत राहा, चुकवू नका. दवाखान्यातल्या बाईंनीही तेच सांगितलं. त्या लेकरापर्यंत जाणाऱ्या वाटेवर जेवढी माणसं अडवायला उभी होती, त्या सगळ्यांच्या डोळ्यांवर मी एक कागदाचा तुकडा चिकटवला होता.

मुलगा झाला. शिवांश. दिसायला गोरागोमटा, हातपाय धड. मी निःश्वास टाकला आणि विसरलो.

मग आमची सून रुबिना दुकानात बसायला लागली. बी. फार्म. झालेली, बोलायला कमी, वाचायला जास्त. एक दिवस मी गोळ्या पाकिटातून सोडवत होतो. ती शेजारी येऊन उभी राहिली.

"अब्बा, हे कुणासाठी?"

"आहे एक पेशंट."

"बाई आहे? वय काय?"

माझाच पहिला प्रश्न ती मला विचारत होती. मी भडकलो. "तू मला शिकवू नकोस! तुझ्या जन्माच्या आधीपासून मी काउंटरवर आहे!" तिनं कचऱ्याच्या डब्यातून गोळ्यांचं खोकं काढलं, हातानं सरळ केलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यावर चौकटीत सूचना होती. मग खोक्यातली घडीची पत्रिका उलगडून ठेवली. ह्या पत्रिका आम्ही पुड्या बांधायला वापरत आलोय. मी भिंग घेऊन वाचायला बसलो.

साध्या भाषेत सांगायचं तर असं. फिट म्हणजे मेंदूत अचानक उठलेली गडबड. ही गोळी ती गडबड शांत करते. उत्तम औषध आहे, हजारोंना तारलंय. पण पोटात बाळ असलं की तीच गोळी नाळेतून त्याच्यापर्यंत जाते, आणि बाळाचा मेंदू तर तेव्हा घडत असतो, सगळे महिने. आईच्या डोक्यातली गडबड थांबवायची आणि बाळाच्या डोक्यातलं बांधकाम चालू द्यायचं, एवढं गोळीला कळत नाही. अशी मुलं उशिरा चालू शकतात, उशिरा बोलू शकतात, काही माणसांकडं बघतच नाहीत, काहींना शिकायला जड जातं. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण धोका मोठा आहे, आणि म्हणूनच वयात आलेल्या मुलीला, बाईला ही गोळी द्यायचीच झाली तर डॉक्टर फार विचार करून देतात.

मी भाऊसाहेबांना फोन लावला. आडवळणानं विचारलं, नातू काय म्हणतोय? "मजेत हाय. बोलत न्हाई अजून. पोरं बोलत्यात उशिरा." शिवांश तेव्हा दोन वर्षांचा होऊन गेला होता.

"डॉक्टरला दाखवा एकदा," मी म्हणालो. पण का दाखवा, ते म्हणालो नाही.

एका लेकराच्या बाबतीत शंभर टक्के ह्या गोळीमुळंच झालं, असं कोणी डॉक्टर छातीठोक सांगत नाही. हे मला वाचूनच कळलं आणि ह्या एका वाक्याच्या आडोशाला मी बसलो. दीड वर्ष बसलो. लायसनची भीती होती, नावाची होती. पण खरं सांगू? सगळ्यात जास्त भीती होती ती भाऊसाहेबांच्या तोंडची. ज्या माणसानं माझे हात धरले, त्याचं तोंड कसं होईल, हे मला बघवणार नव्हतं. रुबिना रोज विचारायची नाही, पण बाटली भरायच्या दिवशी काउंटर सोडून आत निघून जायची.

त्या दीड वर्षात एकदा अश्विनी स्वतः आली, शिवांशला कडेवर घेऊन. पोरगं माझ्याकडं बघत नव्हतं. बिस्किट पुढं केलं तर बिस्किटाकडं बघितलं, हाताकडं नाही. काउंटरवर पडलेली बाटल्यांची झाकणं त्यानं एका ओळीत लावली. एक झाकण मी हलवलं तर असं किंचाळलं की रस्त्यावरची माणसं वळली.

"काका, माज्या हातनं झालंय हे," अश्विनी म्हणाली. "सातव्या महिन्यात गरान हुतं. मला ध्यानात ऱ्हायलं न्हाई आन् मी इळीवर भाजी चिरली. आईंनी बघितलं. तवापासून त्या मला इळीला हात लावू देत न्हाईत. चार मानसांत बोलत्यात, हिनं गरान पाळलं न्हाई म्हनून पोराची जीभ कापली. आन् खरं हाय ते. मीच चिरली ना."

माझ्यासमोर उभी होती. चोवीस-पंचवीसची पोरगी. डोळ्यांखाली काळं आलेलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की बाई गं, ग्रहणानं आणि विळीनं कोणाचं काही होत नाही. निदान अर्धं सत्य तरी. तेही माझ्या तोंडून निघालं नाही, कारण त्याच्या मागोमाग पुढचा प्रश्न आला असता, मग कशानं झालं? मी वळलो, फळीवरून बुद्धी वाढवायचं टॉनिक काढलं, ज्याच्या खोक्यावर बदामाचं चित्र असतं, आणि तिच्या हातात ठेवलं. त्या टॉनिकनं काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. "रोज एक चमचा दे," म्हणालो. "पैसे नको." ती माझ्या पाया पडली.

लिहिताना कान गरम होतात अजून.

त्यानंतर काही महिन्यांनी भाऊसाहेब बाटली घेऊन आले आणि जाता जाता म्हणाले, "आता दुसरं होऊ द्या म्हनत्यात सासरचे. पहिलं असं, निदान दुसरं तरी चांगलं निघंल. अशूचाबी इचार हाय. तिची ह्या खेपंची पाळीबी लांबलीय म्हनं." हसले.

मी बाटली भरली नाही. "उद्या या, माल नाही," म्हणालो. ते गेल्यावर रुबिना आतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अब्बा, तुम्ही जाताय, की मी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडेगावपर्यंत एस.टी.नं आणि तिथून जीपनं शिंगणापूरला गेलो. शनिवार नव्हता, रस्ता मोकळा होता. घर सापडलं. पण दारच नाही, तर वाजवायचं काय? दार असतं तर बाहेर जरा थांबलो असतो, विचार केला असता, कदाचित परतही फिरलो असतो. तिथं चौकटीत उभे राहिलात की तुम्ही घरातच असता. सासूबाई पडवीत विळीवर वांगी चिरत बसल्या होत्या. पलीकडं शिवांश तेलाच्या बाटल्यांची झाकणं ओळीनं लावत होता. नवरा दुकानावर गेलेला.

"शेवगावचा मेडिकलवाला. अश्विनीच्या माहेरचा," मी म्हणालो. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा टाकायला सांगितलं. मी अश्विनीला म्हणालो, जरा मागं ये. मागं हौद होता. तिथं तिला सगळं सांगितलं. गोळी काय आहे, ती बाळापर्यंत कशी जाते, खोक्यावर काय छापलेलं असतं. उभ्यानंच सांगितलं, बसायची हिंमत नव्हती.

तिनं एकच विचारलं. "म्हंजी इळीनं न्हाई झालं?"

"नाही. विळीनं काही झालेलं नाही. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

ती हौदाच्या कडेवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. मला वाटलं शिव्या देईल. ती सुटल्यासारखी रडत होती, आणि ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. मग तिनं डोळे पुसले.

"कवा कळलं तुमाला?"

खोटं बोलता आलं असतं. कालच कळलं, असं म्हणता आलं असतं. "दीड वर्ष होऊन गेलं," मी म्हणालो.

"मी आल्ते तवा? इळीचं सांगितलं तवा म्हाईत हुतं?"

"होय."

"आन् तुमी मला बदामाची बाटली दिली."

मी मान हलवली.

"इतके दिस का गप ऱ्हायला, काका?"

"लाज वाटली."

"मलाबी वाटत हुती की," ती म्हणाली. "रोज वाटत हुती. माजी नसून."

मग ती उठली आणि घरात गेली. मी मागून गेलो. फळीवरची पांढरी बाटली तिनं काढली, नखानं लेबल खरवडायला लागली. मी चांगला डिंक वापरला होता, ते निघता निघत नव्हतं. पडवीत येऊन सासूबाईंच्या समोरच माझ्यापुढं बाटली धरली.

"पेन हाय ना? खरं नाव लिवा ह्याच्यावर. आन् खाली माजं नाव. सासरचं, पुरं."

माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं. त्या दिवशी ते लहान पोरासारखं वाकडं आलं. सासूबाई विळीवरून बघत होत्या. "काय चाललंय? कसलं हाय ते?"

"फिटचं औषध हाय, आई," अश्विनी म्हणाली. "लग्नाच्या आदीपासून घेते मी. तुमाला सांगितलं न्हाई."

पुढचं आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचक त्याच काळजीत राहतील. पाळी नुसती लांबली होती. दिवस गेलेले नव्हते. नवऱ्यानं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तोच तिला नगरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी काही आठवडे घेऊन हळूहळू औषध बदललं, फॉलिक अ‍ॅसिड चालू केलं, आणि "आम्ही सांगेपर्यंत दुसऱ्या मुलाचा विचार नको" म्हणाले. शिवांशला शिकवायला आठवड्यातून दोनदा नगरला नेतात. तीन-चार शब्द बोलतो. पाणी मागतो. भाऊसाहेब माझ्या दुकानाची पायरी चढत नाहीत. अश्विनीचं औषध आता घोडेगावच्या दुकानातून येतं, पाकिटात, बिलावर तिच्या नावानं. लायसन रुबिनाच्या नावावर आहे आणि मी काउंटरवर बसत नाही. तिनं बसू नका म्हटलं नाही. मीच बसत नाही.

पण त्या सकाळचं एक राहिलं.

सासूबाईंचा हात वांग्यावरच थांबला. "लग्नाच्या आदीपासून? म्हंजी फसवलं तुमी आमाला. तुज्या बापाशी बोलते मी नंतर." मग माझ्याकडं वळल्या. "आन् पोराचं हे?"

"औषधामुळं असायची शक्यता फार मोठी," मी म्हणालो. "ते औषध मी दिलं. नाव मी झाकलं. वेळेवर डॉक्टरकडं गेली असती तर बदलून मिळालं असतं, मी तिला पाठवलं नाही. ग्रहणानं काही झालं नाही, बाई. विळीनं काही झालं नाही. चूक माझी आहे."

चहा तिकडं उतू गेला, कोणी उठलं नाही. शिवांशचं एक झाकण घरंगळत सासूबाईंच्या पायाशी आलं, त्यांनी उचलून त्याच्या ओळीत होतं तिथं ठेवलं. मग त्या विळीवरून उठल्या, पदरानं पातं पुसलं आणि विळी पायानं अश्विनीकडं सरकवली.

"वांगी ऱ्हायलीत," म्हणाल्या. "चिर."

अश्विनी बसली. पाटावर पाय ठेवला, वांगं उचललं, आणि पहिली फोड पडेपर्यंत सासूबाई तिथंच उभ्या राहिल्या.

मी चपला घातल्या. आमच्याकडं माणूस निघाला की "या पुन्हा" म्हणतात, भांडण करून निघाला तरी म्हणतात. मला कोणी म्हणालं नाही. त्या घराला दार नाही म्हणून ते माझ्या मागं बंद झालं नाही, एवढंच.